गेडिसचा सांधा

नेर्न, ९ मे १८९७

प्रिय इनिस,

तुझं मार्चचं पत्र मिळालं. अ‍ॅनीचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. बॉस्टनची हवा माझ्या वहिनीला मानवली म्हणायची.

इकडची बातमी एकच. स्ट्रोनकला प्रदर्शनात रुपेरी पदक मिळालं. कशासाठी, ते तू ओळखलं असशीलच. दुकानाच्या काचेत मखमलीवर ठेवलंय, आणि वर पाटी: ‘स्ट्रोनकचा कुलूप-सांधा. गळकाठीला तोच, गोल्फच्या काठीलाही तोच.’ रविवारी चर्चला जाताना सगळं गाव तिथे थांबतं. मीही थांबले.

सात वर्षं, इनिस. सात वर्षं बाबा त्या सांध्यामागे होते. फेब्रुवारीत नदीवरून परतलेली माणसं दुकानात यायची, बोटं निळी पडलेली, आणि सतरा फुटी काठीचे तुकडे सोडवायला बाबांच्या हातात द्यायची. कातडी पट्टी भिजून अशी आवळलेली की दातांनीही सुटू नये. पितळी नळ्यांचा सांधा करावा तर काठी तिथे मेल्यासारखी होते, आणि चार वेळा गळ फेकला की पिळून निसटते. बाबांनी दोन तिरके काप एकमेकांवर असे बसवले की बोट फिरवलं तरी जोड लागू नये, आणि वर दोन बारीक कडी. पाव वळसा दिला की बंद, उलटा दिला की मोकळं. आंधळ्यालाही जमावं.

तू बोटीत बसलास त्याच वर्षी स्ट्रोनकनं तो स्वतःच्या नावावर नोंदवला. बाबा जाब विचारायला गेले आणि हात हलवत परत आले. आठ दिवसांनी वकिलाची नोटीस, की अलेक्झांडर गेडिस यानं स्ट्रोनक यांचा सांधा वापरू नये. चोराच्या उलट्या बोंबा! गाव म्हणालं, म्हाताऱ्यानं नक्कल केली. बाबांनी रंधा फळीवर ठेवला तो परत खाली घेतलाच नाही, आणि पुढच्या फेब्रुवारीत गेले. तू इथे नव्हतास. मी होते.

आता ऐक. सोमवारपासून मी स्ट्रोनकच्या कारखान्यात कामाला लागले आहे. काठीवर रेशीम गुंडाळायला माझ्यासारखा हात या किनाऱ्यावर नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. स्वतः बाहेर येऊन म्हणाला, “गेडिसची मुलगी माझ्या बाकावर! तुझ्या बापाला हे बघायला हवं होतं.”

मी म्हणाले, “हो ना. त्यांना फार आवडलं असतं.”

तो हसला. हसू दे. हा माणूस ज्या दिवशी चारचौघांत मान खाली घालेल त्या दिवशी मी बाबांच्या थडग्यावर फुलं नेईन. तोवर नाही.

तुझी,
एल्स्पेथ


बॉस्टन, ३० मे १८९७

प्रिय एल्स्पेथ,

तुझं पत्र अ‍ॅनीला वाचून दाखवलं नाही. ती घाबरली असती. मीही जरा घाबरलोच.

त्या कारखान्यातून बाहेर पड. तुझे हात कुठेही चालतील. स्ट्रोनक मोठा माणूस आहे, त्याच्या मागे वकील आहेत, बँक आहे. तुझ्या मागे कोण? एक रिकामं दुकान आणि आईचं घड्याळ. बाबा गेले, एल्स्पेथ. सांध्यावर कोणाचं नाव आहे यानं त्यांना आता काय फरक पडतो? ते स्वतःच म्हणायचे, चांगला सांधा म्हणजे चांगलं भजन, कोणीही म्हणावं. मी त्यांना कितीदा सांगितलं होतं की नोंदवा, नोंदवा. ऐकलं नाही.

माझं ठीक चाललंय. मी एका कार्यशाळेत गोल्फच्या काठ्या करतो. इथे सगळ्यांना या खेळाचं वेड लागलंय. दात काढणारे डॉक्टर, दारू गाळणारे, सगळे मैदानावर. चेंडू कमी आणि माती जास्त उडवतात, दर आठवड्याला काठीचं डोकं फोडून आणतात. आपल्याला कामाची ददात नाही.

आमच्याकडे येतेस का? खरंच विचारतोय. खोली आहे. अ‍ॅनीला सोबत होईल.

तुझा,
इनिस


नेर्न, २२ ऑगस्ट १८९७

प्रिय इनिस,

उत्तराला उशीर झाला. सॅमनचा हंगाम, त्यात लंडनहून आलेले साहेब, काम डोक्याच्या वर.

तुझ्या पत्रावर मी पुष्कळ विचार केला. रागानं माणूस आंधळा होतो हे तुझं म्हणणं खरं आहे. (तू तसं लिहिलं नव्हतंस, पण म्हणायचं तेच होतं ना?) मी आता शांत आहे. स्ट्रोनकनं मला बढती दिली. आता मी त्याच्या आतल्या खोलीत बसते, जिथे नमुने आणि नकाशे ठेवतात. तिथे उजेड चांगला आहे.

एक अडचण तुलाच विचारते, कारण दुसऱ्या कोणाला कळायची नाही. गळकाठीवर सांधा उत्तम चालतो. गोल्फच्या काठीवर मात्र पन्नास-साठ फटक्यांत कडं ढिलं होतं. गिऱ्हाइकं परत आणतात, स्ट्रोनक फोरमनवर ओरडतो, फोरमन आमच्यावर. कोणाला कारण सापडत नाही. तुला सुचतं का काही?

अ‍ॅनीला माझी आठवण सांग.

एल्स्पेथ


बॉस्टन, १४ सप्टेंबर १८९७

प्रिय एल्स्पेथ,

तुझं पत्र वाचून मन हलकं झालं. ही माझी जुनी बहीण! तुझा प्रश्न घेऊन मी दोन दिवस जेवताना काट्या-चमच्यांचे सांधे करत बसलो होतो. अ‍ॅनी म्हणाली, “सूप थंड होतंय, आणि तू चमच्याला पीळ देतोयस!”

सापडलं. गळकाठी वाकते, पण तिला धक्का बसत नाही. गोल्फच्या काठीला बसतो. चेंडूवर घाव पडला की डोकं बाहेरच्या अंगाला पिळतं, आणि बाबांचं कडंही नेमकं त्याच अंगाला उघडतं. म्हणजे दर फटक्याला तू केसभर कुलूप उघडतेस. वळसा उलटा करायचा, बस. खालचं कडं उलटं, वरचं तसंच. मग धक्का बसेल तसं ते घट्ट होत जाईल.

आमच्याकडे मी तसं केलंय. म्हणजे, करून बघितलंय, एका जुन्या काठीवर. दोनशे फटके मारले, हललं नाही.

स्ट्रोनकला हे फुकट देऊ नकोस. पगार वाढवून माग!

तुझा,
इनिस


नेर्न, १२ जानेवारी १८९८

प्रिय इनिस,

उलटा वळसा चालला. स्ट्रोनकला मी सांगितलं नाही. घरी, बाबांच्या बाकावर करून बघितला. रंधा फळीवरून मीच खाली घेतला. पातं गंजलं होतं, दोन संध्याकाळी दगडावर घासलं तेव्हा कुठे लाकूड चाखू लागलं.

त्यावर मी माझी एक भर घातली. दोन कापांच्या मध्ये वामाच्या कातडीची बारीक पट्टी, सुकवून, तासून कागदासारखी केलेली. पाणी लागलं की ती फुगते आणि सांधा पकडून धरते. वाळली की सोडते. ओल्या गवतावर गोल्फ, नाहीतर कमरेएवढ्या पाण्यात सॅमन, दोन्हीकडे ओलच असते. म्हणजे जिथे बाकीचे सांधे दगा देतात तिथेच हा जास्त घट्ट. रिव्हर स्ट्रीटचा पाववाला डंकन रोझ परवा ती काठी घेऊन मैदानावर गेला. परत आला तो नाचतच. “एल्स्पेथ, ही काठी मला विकली नाहीस तर तुझा पाव बंद!”

आता मुद्द्याचं. पिरी वकिलांना भेटले. ते म्हणाले, नोंदणीच्या आधी तो सांधा बाबांनी कोणाला विकला असेल तर स्ट्रोनकची नोंदणी टिकत नाही. मला एवढंच आठवतं की एक काठी कोणी कॅप्टन घेऊन गेला होता. तेव्हा दुकानात तू होतास. कोण तो, केव्हा, आणि सांधा कोणी काढला, कोणी केला, हे सगळं नीट लिहून, खाली सही करून पाठव. एवढं केलंस की बाकी मी बघते. तुला कोणी इथे बोलावणार नाही, काही विचारणार नाही.

एल्स्पेथ


बॉस्टन, ६ फेब्रुवारी १८९८

प्रिय एल्स्पेथ,

वामाची कातडी! बाबांनी तुला खांद्यावर घेतलं असतं.

तुझं पत्र आठवडाभर खिशात घेऊन फिरलो. खरं सांगतो, मनात नव्हतं. पण मग वाटलं, हीच वाट सगळ्यात सरळ. आधी विकलेली काठी दाखवायची, नोंदणी रद्द, संपलं. मग सांधा स्ट्रोनककडे कसा गेला, कोणी नेला, या जुन्या गोष्टी उकरायची कोणाला गरजच राहत नाही. तूही उकरू नकोस. अशा गोष्टींतून काही हाती लागत नाही.

म्हणून लिहितो, आणि शपथेवर लिहितो:

‘कुलूप-सांधा माझे वडील, नेर्नचे गळकाठीवाले अलेक्झांडर गेडिस, यांनी स्वतः शोधला व स्वतःच्या हातानं केला. एप्रिल १८९३ मध्ये त्यांचा पूर्ण झालेला सांधा समोर ठेवून मी त्याचा नकाशा काढला. जून १८९३ मध्ये त्या सांध्याची सतरा फुटी काठी ग्रँटाउनचे कॅप्टन लेडलॉ यांना विकली. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. इनिस गेडिस.’

कॅप्टन अजून असतील तर काठीही असेल. तो माणूस काहीच टाकत नसे.

झालं. आता मला वाटतं बाबांचं थोडं ऋण फिटलं.

तुझा,
इनिस


नेर्न, २९ मे १८९८

प्रिय इनिस,

कॅप्टन लेडलॉ आहेत. ऐंशी वर्षांचे, ऐकू येत नाही, पण काठी भिंतीवर आणि तोंडात शिव्या, दोन्ही जागच्या जागी. साक्षीला येतो म्हणाले.

तुझं शपथेचं पत्र पिरी वकिलांच्या तिजोरीत आहे.

मी एप्रिलमध्ये स्ट्रोनकचं काम सोडलं आणि बाबांचं दुकान उघडलं. दारावर हिरवी पाटी: ‘गेडिसचा सांधा. मूळ, आणि सुधारलेला.’ खाली गळकाठ्या, गोल्फच्या काठ्या. एका काठीला पाच डोकी, खेळणाऱ्यानं मैदानावरच बदलायची. मे महिन्याच्या सामन्यात डंकन रोझनं स्ट्रोनकच्या जावयाला सात भोकांनी हरवलं. चिखल होता, जावयाच्या काठीचं डोकं दोनदा निसटलं, दुसऱ्या वेळी पार खाडीत गेलं. लोक पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी स्ट्रोनक माझ्या दारात.

“पाटी उतरव.”

“का? रंग आवडला नाही?”

“एल्स्पेथ, तुझ्या बापाचा मान ठेवून सांगतो. हा सांधा माझा आहे. कायद्यानं माझा. मी तुला कोर्टात खेचीन.”

मी म्हणाले, “खेचा की. मी केव्हाची वाट बघतेय. हवं तर पत्ता लिहून देते.”

तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघू लागला. माशी पाण्यावर पडली की सॅमन आधी खालून नुसता बघतो ना, तसं. मग म्हणाला, “तुला माहीत नाही तू काय उघडतेयस.”

“तुम्हीच उघडून दाखवा,” मी म्हणाले.

काल त्याचा दावा दाखल झाला. सुनावणी नोव्हेंबरात, एडिंबराला.

एल्स्पेथ


बॉस्टन, २ ऑक्टोबर १८९८

एल्स्पेथ,

तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. हे चौथं.

तडजोड कर. हात जोडून सांगतो. मला इथे बातमी लागली आहे (कशी ते विचारू नकोस) की स्ट्रोनक मिटवायला तयार आहे. तो पाटी राहू देईल, दुकान राहू देईल, सांधा तुला वापरू देईल. अजून काय हवं? कोर्टात गेलेला माणूस काय बोलेल याचा नेम नसतो. त्याला कोंडीत धरलंस तर तो वाटेल ते बोलेल. खोटं बोलेल. आपल्या घराबद्दल बोलेल. तू ते ऐकून घेणार आहेस का, भर कोर्टात?

आणि माझं ते पत्र वापरू नकोस. कॅप्टनची काठी पुरेशी आहे. पत्र परत पाठव, नाहीतर जाळून टाक. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. आता सांगतो, कारण सांगावंच लागतंय: आमची कार्यशाळा स्ट्रोनकच्याच परवानगीनं हा सांधा बनवते. मी तिथे मुकादम आहे. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नव्हतो. एवढंच. दुसरं काही नाही.

अ‍ॅनीला सहावा महिना आहे. माझा नाही तर तिचा विचार कर.

इनिस


नेर्न, ३ डिसेंबर १८९८

इनिस,

खटला संपला. तू वर्तमानपत्रात वाचशीलच, पण त्यात सगळं येत नाही. माझ्याकडून ऐक.

पहिल्या दिवशी कॅप्टन लेडलॉ. न्यायाधीशांनी विचारलं, काठी कधी घेतली? कॅप्टन ओरडले, “ओरडायची गरज नाही!” सगळं कोर्ट हसलं. पण स्ट्रोनकच्या वकिलानं त्यांना गुंडाळलं. काठी ९३ सालची असेल, सांधा त्यावर नंतर कशावरून बसवला नाही? म्हाताऱ्याला धड आठवेना. बाहेर पिरी वकील म्हणाले, “कठीण आहे, बाई.”

मी म्हणाले, “उद्या माझ्या भावाचं पत्र काढा.”

“ते पुरावा म्हणून चालायचं नाही. साक्षीदार समोर हवा.”

“चालू नये. नुसतं काढा, आणि नाव मोठ्यानं घ्या.”

दुसऱ्या दिवशी स्ट्रोनक पिंजऱ्यात होता. पिरी वकिलांनी पत्र हातात धरलं आणि म्हणाले, “इनिस गेडिस यांनी शपथेवर लिहिलं आहे की हा सांधा सर्वस्वी त्यांच्या वडिलांचा.” समोरचा वकील हरकत घ्यायला अर्धा उठला. पण स्ट्रोनक त्याच्या आधी फुटला. तोंड लालबुंद.

“तो? तो माझ्याविरुद्ध शपथ घेतो? त्यानंच मला विकला! नकाशा त्यानं आणून दिला, स्वतःच्या पायांनी, माझ्या घरी! मी त्याला बोटीचं तिकीट दिलं, बॉस्टनची नोकरी दिली. ही घ्या त्याची सही!”

आणि खिशातून कागद काढला. त्याचा वकील त्याची बाही ओढत होता, तरी काढला.

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. “म्हणजे मिस्टर स्ट्रोनक, हा सांधा तुम्ही शोधलेला नाही?”

तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण काय बोललो. नोंदणी करताना त्यानं शपथेवर लिहून दिलं होतं की खरा आणि पहिला शोधक मीच. स्ट्रोनकनं मान खाली घातली. मी पूर्ण वेळ त्याच्याकडे बघत होते, पापणी न हलवता. नोंदणी रद्द. पदक परत मागवलंय. खोट्या शपथेचं वेगळं प्रकरण होईल ते होईल.

तू म्हणशील, तुला त्या दिवशी कळलं का? नाही. मला गेल्या वर्षी, ऑगस्टमध्येच कळलं. त्याच्या आतल्या खोलीत, तिसऱ्या खणात तो नकाशा होता. नाव खरडून काढलेलं. पण सावलीच्या रेघा सगळ्या डावीकडे कललेल्या. आपल्या घरात डावखुरा एकटा तू. मी तो कागद परत खणात ठेवला, घरी आले, आणि तुला लिहिलं की मी आता शांत आहे. ते खोटं नव्हतं. इतकी शांत मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

तेव्हापासून तुला लिहिलेली सगळी पत्रं गळाला लावलेली होती. तू मला सांधा सुधारायला मदत केलीस, म्हणून मी दुकान उघडू शकले. तू शपथ लिहून दिलीस, म्हणून स्ट्रोनक पेटला. तुझं पत्र मी पुरावा म्हणून नेलंच नव्हतं. आमिष म्हणून नेलं होतं. त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या: चोर म्हणवून घ्यायचं, नाहीतर तुझं नाव सांगायचं. दोन्हीकडे माझंच जाळं होतं.

आता तुझ्यासाठी. नोंदणी गेली म्हणजे सांधा साऱ्या जगाचा झाला. बॉस्टनमध्येही हवा त्यानं करावा; तुझ्या मालकालाही आता कोणाची परवानगी नको, आणि परवानगी सांभाळायला मुकादमही नको. तूही कर. कायदा तुला अडवणार नाही. पण ‘गेडिस’ हे नाव मी माझ्या दुकानाची खूण म्हणून नोंदवलं आहे, इकडे आणि वकिलामार्फत तिकडेही. त्या कड्यावर तुला स्वतःचं आडनाव ठोकता येणार नाही.

एक गोष्ट मलाही नवी होती. न्यायाधीशांनी स्ट्रोनकला विचारलं, म्हाताऱ्यानं हरकत घेतली नाही? तो म्हणाला, “आला होता. मी त्याच्यापुढे हाच नकाशा ठेवला. पुष्कळ वेळ बघत राहिला. मग टोपी घातली, म्हणाला, ‘माझीच काहीतरी चूक झाली असेल,’ आणि गेला.”

बाबांना माहीत होतं, इनिस. एक शब्द बोलले असते तर त्याच दिवशी सांधा परत मिळाला असता, आणि गाव त्यांना चोर म्हणालं नसतं. तुझं नाव येऊ नये म्हणून ते गप्प राहिले, आणि गप्प राहूनच गेले.

त्यांनी तुला वाचवलं. मी नाही वाचवलं.

एल्स्पेथ


बॉस्टन, ८ जानेवारी १८९९

एल्स्पेथ,

अ‍ॅनीनं वर्तमानपत्र माझ्या आधी वाचलं. कोणीतरी नेर्नहून पाठवलं होतं. तूच असशील. पाचव्या दिवशी ती म्हणाली, “मी ज्या बोटीतून आले तिचं तिकीट ते होतं का?” मी हो म्हणालो.

कार्यशाळेतून मला काढलं. मालक सभ्य माणूस आहे. म्हणाला, “गेडिस, तू कारागीर चांगला आहेस, पण मी तुला किल्ल्या कशा देऊ?” आता मी बंदरावर पेट्यांना खिळे मारतो. हे तुला सुखवायला लिहिलं नाही आणि रडायलाही नाही. विचारलंस तर कळावं म्हणून.

मी का केलं, ते एकदाच सांगतो. अ‍ॅनीच्या छातीत पाणी होतं. डॉक्टर म्हणाला होता, हा किनारा सोडा. बाबा नोंदवायला तयार नव्हते. स्ट्रोनकनं मला शब्द दिला होता की कड्यावर ‘गेडिस’ असं नाव येईल आणि नोंदणी तो बाबांच्या बरोबरीनं करील. मी बोटीत बसलो तेव्हा मला खरंच वाटत होतं की मी बाबांचं नाव मोठं करून चाललोय. पहिली काठी बॉस्टनला आली, मी कडं फिरवून बघितलं, त्यावर ‘स्ट्रोनक’ होतं. त्या दिवशी मी बाबांना लिहायला हवं होतं. कागद घेऊन बसलोही. लिहिलं नाही. मग नाहीच लिहिलं. मग तुझं पत्र आलं की ते गेले.

क्षमा मागत नाही. तू देणार नाहीस, आणि दिलीस तरी मला ती कुठे ठेवावी कळणार नाही.

एकच विचारतो. ज्या दिवशी बाबा स्ट्रोनककडून परत आले, त्या दिवशी घरी येऊन ते काय बोलले? काहीतरी बोलले असतील. तू होतीस तिथे. मला सांग. त्यानंतर मी कधीच काही विचारणार नाही.

इनिस


नेर्न, ५ फेब्रुवारी १८९९

इनिस,

विचारलंस म्हणून सांगते.

बाबा दुपारी चारच्या सुमाराला परत आले. पाऊस नव्हता तरी कॉलर वर केलेली. मी विचारलं, काय म्हणाला तो? ते म्हणाले, “काही नाही.” हात धुतले. मी बार्लीचं सूप वाढलं, ते सगळं प्याले. मी स्ट्रोनकला शिव्या घालत होते आणि ते भाकरीनं ताट पुसत होते.

मग म्हणाले, “इनिसचं पत्र आलं का?”

मी म्हणाले, “नाही.”

म्हणाले, “येईल. बोटींना उशीर होतो या दिवसांत.”

थोड्या वेळानं, उठता उठता, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, “पोराचा हात फार सुरेख आहे गं. रेघ ओढावी तर त्यानंच.”

मला वाटलं, त्यांना तुझी आठवण येतेय.

त्यानंतर रोज सकाळी ते टपालवाल्याच्या वेळेला दारात जाऊन उभे राहायचे. फेब्रुवारीपर्यंत.

एल्स्पेथ